बाबांची उशिराची थाप

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाणारी. आजही तशीच आहे, त्यामुळे खाली कमेंटमध्ये येऊन कुणी 'ताई, शांती करून घ्या' असं लिहू नये. मला राग आलाय, म्हणून लिहितेय.

मी पीएचडी करतेय. विषय – फार दूरच्या अशा दीर्घिका, ज्यांच्या मध्यावरचं कृष्णविवर सतत काही ना काही गिळत असतं. तिथून येणारे एक्स-रे कधी वाढतात, कधी घटतात... त्याला कसलाही ताल नसतो. निदान मी तरी तसंच शिकले.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गोरेगाव पूर्व, दिंडोशी, आमचं वन रूम किचन, भर दुपार. एका दीर्घिकेच्या चढउतारांचा मी लॅपटॉपवर आवाज करून ऐकत होते. प्रकाश वाढला की ठोका जोरात, घटला की हलका. आई शेजारी कोलंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

"ह्यो तुझ्या बापाशीचो हात," ती म्हणाली.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. कॉलनीतल्या भजन मंडळात ते पखवाज वाजवायचे. समेवर येताना जरासे थांबायचे, मग थाप मारायचे. मंडळाचे गाणारे बुवा, आमच्याच बिल्डिंगमधले, यावरून चिडले आणि त्यांनी भर भजनात बाबांना उठवून दुसरा माणूस बसवला. बाबांनी पुन्हा पखवाजाला हात लावला नाही. आईच्या मनातून ते कधीच गेलं नाही.

ताल नसला तरी माणसाचा कान तो शोधतोच, असं मी तिला समजावलं. मग स्वतः पुन्हा ऐकलं... तेच थांबणं, तीच थाप. दरवेळी! उपग्रहाचा दोष म्हणावा, तर दुसऱ्या उपग्रहाच्या निरीक्षणातही तेच. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा पखवाज सोडा, माणूसही नव्हता. माझ्या गाइड सरांनी तर नीट न बघताच निरीक्षणांतला तेवढा तुकडा काढून टाकायला सांगितलं. इतका संताप आला मला!

आई मला लॅपटॉपसकट बुवांकडे घेऊन गेली. काही न सांगता आवाज लावला. बुवा डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. थांबायच्या जागी त्यांचा हातही थांबला.

"ह्यो मधूच," ते बाबांचं नाव घेऊन म्हणाले. "अजून थयच चुकता."

मी त्यांना सगळं सांगितलं, हा आवाज कुठून येतोय तेही.

"खयसून पण येवंदे. चूक ती चूक." मग त्यांनी डोळे पुसले. "परत एकदा लाव गो."

आईने लॅपटॉप मिटला.

"आता नाय. तुमीच त्यांका उठवलात."

हे काय आहे, मला अजूनही माहीत नाही. सर परवा पुन्हा विचारत होते, तो तुकडा काढलास का. नाही काढला. काढणारही नाही.