दार लावण्याआधीचं डोलणं

बोईसरच्या आमच्या कारखान्यातून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या कागदांवर सही माझी असते, पण दार लावायच्या आधी साहेब बघतात ते त्याच्याकडे. तो माल भरणाऱ्यांचा मुकादम. पूर्वी सातपाटीला मासेमारीच्या बोटीवर होता. ड्रम कसे रचायचे याचा मी कॉम्प्युटरवर काढलेला आराखडा तो घडीही न उलगडता कमरेला खोचतो आणि वर हसतो.

कंटेनरमध्ये ड्रम भरून झाले की तो एकटा आत जातो, चपला काढतो, पाय फाकवून डोळे मिटतो आणि बोटीवर असल्यासारखा डोलत ड्रमांना अंगाने रेटे देतो. मला ते बघवत नाही.

परवा कंटेनरचा ट्रेलर न्हावा-शेवा बंदराला निघायच्या घाईत होता. हा आत डोलला आणि म्हणाला, "मागची रांग खाली काढा."

"काका, सगळं मोजून बसवलंय," मी चिडलो.

"तुमच्या कागदावर दर्या नाय ना, भाऊ. जे हालायचं ते हितंच हालू दे."

रांग उतरवली. ड्रम अडवायला ठोकलेली एक पाचर खरंच सुटली होती. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मला नुसतं "बघा" म्हणाले.

आज तो रजेवर होता. ड्रम भरून झाल्यावर मीच आत गेलो. बूट काढले, डोळे मिटले, भरपूर डोललो. कळलं काहीच नाही. बाहेर येऊन त्याच्याच थाटात म्हणालो, "लावा दार."

कुणीही दाराला हात लावला नाही.