पाठीमागचं पाणी

काबूल सोडावं लागलेल्या जरीनाला आमच्या विद्यापीठानं प्रवेश दिला, फी माफ केली, राहायला आमचं घर शोधलं. काल मी दूध आणायला निघालो, तर तिनं माझ्या मागे तांब्याभर पाणी ओतलं. मी दचकून वळलो आणि घसरून बसलोच.

"अगं, त्यांची आंघोळ झालीय," बायको म्हणाली.

"काकू, जाणारा परत यावा म्हणून आमच्याकडे ओततात. मी निघाले तेव्हा आईनंही ओतलं होतं."

"दुधाला गेलेला येतोच गं," मी कंबर चोळत म्हणालो.

ती हसली, मग वाळत चाललेल्या फरशीकडे बघत राहिली. विद्यापीठ पदवी देईल, कदाचित नोकरीही मिळवून देईल. आईच्या त्या उंबऱ्याशी तिला कोण नेणार?

आज मी दारात मुद्दाम थांबलो. तिनं पाणी ओतलं. कोपऱ्यावर गप्पा न मारता मी लगेच परत आलो. पाणी ओतलं की माणूस येतो, हे तिला दिसायला हवं होतं.