वहीतले नऊ खोटे आठवडे

घरात फुलझाडं लावली की फुलं येतात. माशा खाणारी झाडं लावली की किस्से येतात! एक सांगून संपत नाही तोवर दुसरा दारात उभा.

मी सांगलीत हळदीच्या एका वखारीत लिखापढी करतो. घराच्या मागच्या खोलीत एलईडी दिव्यांखाली कीटकभक्षी झाडं आणि ऑर्किड वाढवतो. सातारा-सांगलीकडचे असेच खुळे आम्ही सात-आठजण आहोत. महिन्यातून एका रविवारी साताऱ्यात जमतो. कुणाला फुलं जमतात, कुणाला रोपं करणं जमतं. माझी ओळख म्हणजे माझी वही. दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला, पाणी किती घातलं, नवं पान कुठल्या दिवशी दिसलं, सगळं लिहिलेलं. गटात वाद झाला की कुणीतरी म्हणणारच, "भाऊंची वही काढा!" वही म्हणेल ते खरं.

त्या वहीत नऊ आठवडे खोटे आहेत. तेही सांगणार आहे. पण आधी थोडं हसून घेऊ, नंतर मला जमणार नाही.

*

सुरुवातीला मी लाल-निळे एलईडी आणले होते. झाडांना तेच लागतात असं कुठंतरी वाचलेलं. संध्याकाळी रस्त्यावरून आमची खिडकी गुलाबी-जांभळी दिसायची. मला त्याचं कौतुक!

आठवड्याभरात बेल वाजली. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, दार उघडलं. दोन तरणे गडी उभे, नजर खिडकीतल्या गुलाबी उजेडावर.

"वैनी, आत बसायला जागा हाय का?"

मंगलने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"हाय की! पण हितं फक्त माशा बसत्यात. आणि एकदा बसल्या की उठत न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी मी साधे पांढरे एलईडी बसवले. झाडं अगदी तशीच वाढली. समोरच्या काकांकडे बघायला मात्र मला महिना लागला.

*

संक्रांतीला मंगलचं हळदी-कुंकू होतं. बायकांना झाडं बघायची होती. माझी मोठी वहिनी पुढे. तिला तुळस दिसो, वड दिसो, बोटं आपोआप कुंकवाच्या कोयरीत जातात. तिने व्हीनस फ्लायट्रॅपलाही हळद-कुंकू वाहिलं, नेमकं उघड्या पानाच्या आत. पान मिटलं!

त्या पानाची पकड ती काय? माशीला पुरेल एवढी. पण वहिनीने अशी किंकाळी फोडली की तबक, तिळगूळ आणि अत्तरदाणी एकदमच जमिनीवर.

"भावजी, देवीनं हात धरला वो माझा!"

पुढच्या पाच मिनिटांत सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन त्या कुंडीपुढे रांगेत. कुणालाच थांबवायचं धाडस मला झालं नाही. चार दिवसांनी मी वहीत लिहिलं: "सहा पानं काळी पडली. कारण: सुवासिनी."

*

या झाडांना नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी ती मरतात. पावसाळ्यात साठवलेलं पाणी उन्हाळ्यात संपतं. मग उरतं एसीतून ठिबकणारं पाणी.

आमचे सुभेदार कोरेगावचे. फौजेतून निवृत्त, शिस्त मात्र अजून नोकरीत. ते दुपारी एका बँकेच्या मागच्या बोळात, एसीच्या नळीखाली कॅन लावून स्टुलावर बसायचे. एकदा वॉचमन आला.

"आवं, काय करताय हितं?"

"पाणी भरतोय."

"कुणाला?"

"झाडाला. माशा खातंय ते."

वॉचमन आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने सुभेदारांना ओळखलं, कॅनकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सुभेदारसाहेब, पेन्शन अडकलीय का तुमची? मला सांगायचं की वो!"

हे सुभेदार स्वतःच सांगतात आणि गुडघ्यावर थापा मारत हसतात. माझ्यावर बेतलं असतं तर मी कोरेगाव सोडलं असतं.

*

शोभाताई पाटणच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे घटपर्णी आहे. पानाच्या टोकाला सुरई लोंबते, सुरईत माशी पडते. एकदा मी वहीत लिहिलं होतं की गुळाच्या पाण्याचे दोन थेंब कडेला लावले तर माशा लवकर येतात. एकाच दिवशी, एकाच कुंडीवर केलेला प्रयोग! वहीच्या त्या पानाचा फोटो मी गटावर टाकला.

शोभाताईंनी सगळ्या कुंड्यांना गूळ लावला. माशी एक आली नाही. मुंग्या आल्या. शेल्फवरून, दिव्याच्या वायरीवरून, थेट त्यांच्या पिठाच्या डब्यापर्यंत. पंधरा दिवस घरात मुंग्या!

मी फोनवर माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "वहीत लिहिलंय म्हणून केलं. आता हेही वहीत लिहा."

लिहिलं. तेव्हा मला खरं लिहिता येत होतं.

*

आता ते नऊ आठवडे.

पाटणजवळ आंब्याची एक फांदी वादळात पडली. तिच्यावर सीतेची वेणी होती. हे आपल्याकडचं ऑर्किड, वेणीसारखा गुलाबी फुलांचा घोस येतो. शोभाताईंनी ती वेणी लाकडाच्या एका तुकड्यावर बांधून सुभेदारांना दिली. फांदी पडली त्या दिवशी फूल होतं. त्यानंतर पाच वर्षं एक कळी नाही. सुभेदार रोज सकाळी तिच्यापुढे उभे राहून हजेरी घ्यायचे, "काय मॅडम, आज तरी?"

दोन वर्षांपूर्वी ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे पठाणकोटला निघाले. मुलगाही फौजेत. वेणी माझ्याकडे आणून ठेवली. गटातल्या इतर कुणाकडे नाही, माझ्याकडे.

"तुमची वही हाय. मला काळजी न्हाई."

मी तिला सगळ्यात चांगली जागा दिली, दिव्याच्या अगदी जवळ. परत येतील तेव्हा फुललेली हातात द्यायची असं मनात. लाईट सारखी जायची, त्यामुळे टायमरचं घड्याळ मागे पडायचं. म्हणून मी टायमर काढला आणि दिवा हाताने लावू लागलो. मग भाचीच्या लग्नाला चार दिवस गेलो. दिवा चालूच राहिला. खिडकी बंद. मार्च महिना.

परत आलो तर खोलीत शिजलेल्या भाजीचा वास होता.

सुभेदारांचा दर रविवारी फोन यायचा. "काय म्हणती आमची?" त्या रविवारी मी म्हणालो, "बरी आहे." एवढंच म्हणालो. सोमवारी एका नर्सरीतून तेवढ्याच मापाची दुसरी वेणी आणली आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर बांधली. वहीत पुढच्या ओळीपासून तिचीच मापं लिहू लागलो. आकडे सगळे खरे होते, झाड खोटं होतं.

सुभेदार वेणी न्यायला आले, चष्मा लावून नऊ आठवडे वाचून काढले आणि म्हणाले, "गार्ड ड्युटीचं रजिस्टर बी मी असं बघितलं न्हाई!"

मी चहा आणायला आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

*

जूनमध्ये सुभेदारांचा फोन आला. आवाज चढलेला.

"भाऊ, फुलली! पण पांढरी शुभ्र हाय! आसं कसं?"

माझ्या तोंडून निघालं, "लाईटमुळं असेल."

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण गटावर फोटो गेला. "भाऊंनी एलईडीनं फुलाचा रंग बदलला!" गणपतीआधी साताऱ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं छोटं प्रदर्शन होतं. वेणीचं फूल तोवर गळून गेलं होतं, म्हणून टेबलावर फोटो आणि शेजारी लाकडावरची वेणी. आणि भाषण माझं! मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा सुभेदारच म्हणाले, "वही घेऊन या."

मी दिव्यांबद्दल, अंतराबद्दल, तासांबद्दल बोललो. रंगाला हात लावला नाही. शेवटी मागून एकजण उठला. आटपाडीकडचा. घरात आज्यापर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली, आता दोन एकर शेवंती.

"आमी शेवंतीवर बल्ब लावतोच. पण माझी पिवळी हाय. तुमच्या लाईटनं ती पांढरी हुत असंल, तर समदं बल्ब बदलून टाकतो. किती तास, ते सांगा. लिवून घेतो."

त्याने खिशातून छोटी वही काढली. पेनाचं टोपण दातात धरलं आणि माझ्याकडे बघत थांबला.

मी म्हणालो, "काही लिहू नका. लाईटनं रंग बदलत नाही. हे झाड सुभेदारांचं नाही. त्यांचं माझ्या दिव्याखाली भाजून मेलं. हे मी विकत आणलंय."

शोभाताई साडीच्या निऱ्यांकडे बघत होत्या. पहिल्या रांगेतून सुभेदार म्हणाले, "बसा खाली. पाणी प्या."

कार्यक्रम उरकला. मी वही पिशवीत टाकली आणि एकटाच स्टँडवर आलो. सांगली गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसलो. गाडी सुरू होता होता कुणीतरी बाहेरून पत्र्यावर थापा मारल्या. सुभेदार! हातात ती वेणी, लाकडासकट. त्यांनी ती खिडकीतून सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"परवा पठाणकोटला निघालोय, तीन म्हैनं. सांभाळा."

कंडक्टरने घंटी दिली. सुभेदार गाडीबरोबर चार पावलं चालले.

"आन् भाऊ, ह्या बारीला जर नवी घ्यायची येळ आली, तर रंग इचारून घ्या!"