शेवंतीबाईंच्या कानामागची गाठ

चिंचपोकळीच्या त्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची सोय नाही. म्हणजे दारं आहेत, कड्या आहेत, सगळं आहे. पण दुपारचं कुणी दार लोटलं की शेजारपाजार हजर. "काय हो, बरं नाही का?" दार बंद म्हणजे घरात एक तर कुणी आजारी आहे, नाही तर कडाक्याचं भांडण जुंपलंय. तिसरं कारण चाळीला ठाऊकच नाही. आणि शेवंतीबाईंकडे नेमकं तिसरंच कारण होतं.

बाई साठी ओलांडलेली. कणकवलीकडच्या एका वाडीतून लग्न होऊन चिंचपोकळीला आली ती इथलीच झाली. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो कुठे कुठे वॉचमनकी करत राहिला आणि हिने डबे करायला घेतले. पहाटे चुलीला लागायचं ते दुपारी पाठ टेकायची. त्या डब्यांवर मुलाचं, राजेशचं शिक्षण झालं, त्याचं लग्नही झालं. नवरा जाऊन आता बारा वर्षं झाली. सून दर्शना प्रभादेवीला एका बँकेत आहे. तिने घरात आल्या आल्या सांगितलं, "आई, पुरे झाले डबे, आता आराम." आराम! आयुष्यभर राबलेल्या बाईला दुपारी एकटीने करायचं काय असतं ते सुनेला काय ठाऊक?

मग भाचीच्या लग्नात गावाला सीताराम भेटला.

सीताराम म्हणजे शाळेतला, पाटीवरची बेरीज हिची बघून लिहिणारा. पुढे एसटीत कंडक्टर झाला. आता निवृत्त, बायको मागेच गेलेली, मुलगी गोव्यात दिलेली. मांडवात त्याने विचारलं, "गो शेवंते, कुळथाच्या पिठीत गुठळ्या कित्याक होतत?" आता पिठीतल्या गुठळ्या काय मांडवात सांगून संपतात? नंबर दिले-घेतले गेले. पिठीवरून गोष्ट सोलकढीवर गेली, तिथून त्याच्या गुडघ्यांवर, तिथून हिच्या नवऱ्याच्या आठवणींवर. रोज दुपारी दोन वाजता फोन. बाईंचा चेहरा उजळायला लागला. दर्शना म्हणायची, "बघा, आराम मानवला की नाही तुम्हाला!"

अडचण एकच. सीतारामाचा आवाज. जन्मभर गच्च भरलेल्या गाडीत मागच्या माणसाला "पुढे सरका" सांगितलेला तो आवाज, फोनवर हळू कसा येणार? दार उघडं, गॅलरीतून सतत जा-ये. मग बाईंनी शक्कल काढली. टीव्हीवर मालिका लावायची मोठ्याने, आपण मोरीच्या कोपऱ्यात पाटावर बसायचं, फोनचा आवाज अगदी बारीक करायचा आणि फोन कानात घुसेल इतका दाबून धरायचा, वरून पदर. चाळीत बोलबाला झाला की शेवंतीबाईंना मालिकांचं भारी वेड. संध्याकाळी दर्शनाने विचारलं, "आई, त्या मोठ्या सुनेचं काय झालं हो?" तर ह्या म्हणाल्या, "आहे, चाललंय तिचं." कुठली सून नि कसलं काय!

होळीच्या सुमारास सीतारामाने एका दुपारी पिठी, गुडघे सगळं बाजूला ठेवून विचारलं, "शेवंते, उरलेले दिवस एकत्र काढूया काय गो?" बाईंनी पदर आणखी पुढे ओढला. "बघते," एवढंच म्हणाल्या. ते 'बघते' महिनाभर तसंच राहिलं. उत्तर ओठांवर होतं हो, पण ते राजेश-दर्शनाला कसं सांगायचं, चाळीला कसं तोंड दाखवायचं, हे काही सुचेना.

इतक्यात कुशाबांनी मोबाईलचं खूळ काढलं. कुशाबा म्हणजे शेवंतीबाईंच्या नवऱ्याचे गिरणीतले दोस्त, कोपऱ्यावरच्या खोलीत राहतात. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. त्यांना कुणीतरी व्हिडिओ पाठवला, मोबाईलच्या लहरींनी डोक्यात गाठ होते म्हणून. झालं! गॅलरीत व्याख्यान सुरू. दोन फोन समोरासमोर ठेवून मधलं अंडं उकडतं, असंही त्यात होतं, म्हणून रविवारी सगळ्यांसमोर प्रयोग झाला. एक फोन कुशाबांचा, एक राजेशचा, मध्ये वाटीत अंडं. एकमेकांना फोन लावून सगळे श्वास रोखून बसले. तासाभराने अंडं फोडलं, तर जसंच्या तसं कच्चं! राजेशने हसत हसत त्याचं ऑम्लेट करून खाल्लं. पण कुशाबा कसले हार मानतात. "अंड्याला मेंदू असतो काय रे? मेंदूवर होतं ते!" मग कुणीतरी म्हणालं, फोनच्या कव्हरात तुळशीचं पान ठेवलं की लहरी मरतात. दोन दिवसांत चाळीतल्या सगळ्या तुळशी बोडक्या झाल्या.

चाळ हसत होती, शेवंतीबाईंना मात्र हसू येईना. कारण त्याच आठवड्यात केस विंचरताना त्यांच्या बोटांना डाव्या कानामागे गाठ लागली. हरभऱ्याएवढी, दाबली की दुखणारी. आणि फोन रोज डाव्याच कानाला.

त्यांनी भर दुपारी दार लावून घेतलं आणि दोन आरसे धरून कानामागे बघायला लागल्या. कडी घातली नाही तोच दारावर थापा. "वहिनी! अहो वहिनी! काय झालं?" कुशाबाच. दार उघडावंच लागलं, गाठ दाखवावीच लागली. कुशाबांनी चष्मा वर करून पाहिलं नि हात झटकले. "छे, हे मोबाईलचं नव्हे. ज्यांच्या कानाला दिवसभर फोन त्यांना होतं ते. तुम्ही तर फोनला हातही लावत नाही." धीर द्यायला गेले बिचारे, पण बाईंचं उरलंसुरलं अवसानही गेलं. किती हात लावतात ते त्यांनाच माहीत होतं ना!

दोन वाजता त्यांनी सीतारामाला सगळं सांगितलं. नेहमी गरजणाऱ्या माणसाचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "तुझ्या जिवापेक्षा बोलणा मोठा नाय. मी उद्यापासून फोन करूचंय नाय. तू पण करू नको. आधी डॉक्टराक दाखव." आणि खरंच ठेवला फोन.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले. फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई पाटावर बसून होत्या, समोर मालिकेत कुणीतरी धाय मोकलून रडत होतं आणि ह्यांनाही रडू फुटलं. गाठीचं भय होतंच, पण त्याहून मोठा धसका दुसराच होता. डॉक्टर म्हणाले की हे फोनमुळेच, तर तो पुन्हा कधीच फोन करणार नाही. शब्दाचा पक्का मेला! आणि फोन नाही तर मग दुपारी उरतं काय?

दर्शनाला कुशाबांकडून गाठीचं कळलं तशी तिने रजा टाकली आणि सासूला घेऊन परळच्या एका हॉस्पिटलात गेली. डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, बोलायला मोकळ्या. त्यांनी कानामागे बोटांनी चाचपलं, बॅटरी मारून पाहिलं, कानातली कुडी मागेपुढे हलवली.

"मोबाईलवर खूप बोलता का आजी?"

"छे हो," दर्शनाच म्हणाली, "आई फोन वापरतच नाहीत फारसा."

"असं? मग कानावर रोज एवढं काय दाबून धरतात?" डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, ही कुडीची फिरकी आहे ना, ती मागे टोचत राहिलीय. कातडीला जखम होऊन सूज आलीय, बाकी काही नाही. फिरकी सैल करा, मलम देते, आठवड्यात बसेल."

शेवंतीबाईंचा जीव भांड्यात पडला खरा, पण अर्धाच. "म्हणजे... ते मोबाईलचं रेडिएशन नव्हे?"

"नव्हे हो. ह्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, फार दुबळ्या असतात. जगभर इतकी वर्षं तपासतायत, फोनमुळे डोक्यात गाठ होते असा पुरावा मिळालेला नाही. पुढेही तपासत राहतील, ते त्यांचं कामच आहे. तरी मनात भीती असेल तर स्पीकरवर बोला, फोन लांब राहील." मग त्या थांबल्या. "पण मला सांगा, एवढा दाबून का धरता? ऐकू कमी येतं का?"

"आवाज बारीक ठेवते."

"का?"

आता काय सांगायचं? बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सुनेकडे बघायची छाती होईना. शेवटी खाली मान घालून म्हणाल्या, "त्याचा आवाज मोठा आहे. चाळीत ऐकू जाईल."

डॉक्टरीणबाईंनी एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि निमूटपणे मलमाचं नाव लिहायला घेतलं.

हॉस्पिटलच्या बाहेर पडून दोघी चालायला लागल्या.  लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी आल्यावर दर्शनाला राहवेना. "आई, 'तो' कोण?"

आणि मग मिरच्यांच्या खकाण्यात, शिंकत शिंकत, शेवंतीबाईंनी सगळं सांगून टाकलं. पिठीच्या गुठळ्या, मोरीचा कोपरा, मालिका, होळीचा प्रश्न, आणि आता बंद पडलेला फोन. सांगताना डोळ्यांना धार लागली होती, ती मिरचीची की मनाची, कुणास ठाऊक. दर्शनाही डोळे पुसत होती.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच त्या मोठ्या सुनेचं तुम्हाला काही माहीत नसायचं!"

"तू रागावलीस?"

"रागावलेच आहे. एवढी वर्षं आमच्यासाठी राबलात, आणि स्वतःची एक गोष्ट आम्हाला सांगायला घाबरलात? राजेशचं मी बघते. तुम्ही आधी त्यांना फोन करा. माणूस तिकडे काळजीने अर्धा झाला असेल."

घरी आल्या तेव्हा दोन वाजायला आले होते. दर्शना चहा टाकायला वळली. शेवंतीबाईंनी टीव्हीकडे पाहिलं आणि तो लावला नाही. पाट उचलला, मोरीच्या कोपऱ्यातून आणून थेट उंबऱ्यापाशी मांडला.  फोन समोर जमिनीवर ठेवला, सीतारामाचा नंबर लावला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

एकच रिंग झाली असेल.

"शेवंते!" गॅलरीतली कबुतरं उडाली. "फोन कानाक लावू नको! लांब धर! डॉक्टर काय म्हणालो?"

"डॉक्टरीण होती," शेवंतीबाई म्हणाल्या, त्याही खणखणीत. "काही नाही झालेलं. कुडीची फिरकी टोचली. मोबाईलचं काही नाही."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. हा एवढा मोठा कंडक्टर रडत होता.

एव्हाना कुशाबा खोलीतून बाहेर आले होते. समोरची दोन दारं भरली होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावरून वाकलं होतं.

"तुझो आवाज आज मोठो कसो?" सीतारामाने विचारलं. "कोणी आयकीत तर..."

"आयकांदेत! सगळेच आयकतत," बाई म्हणाल्या. तोंडात गाव कधी आलं त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "फोन उंबऱ्यापाशी ठेवलंय. ता होळीचा विचारलेला, ता परत विचार."

सीताराम गांगरला.  मग त्याने विचारलं, अडखळत, त्याच्या मानाने फार हळू. तरी वरच्या मजल्यापर्यंत शब्द न् शब्द पोचला.

"होय," शेवंतीबाई म्हणाल्या. "होय रे, होय!"

कुशाबांनी आधी दोन्ही हात डोक्याला लावले आणि मग टाळ्या पिटायला सुरुवात केली. तेवढ्यात दर्शना ओल्या हातांनीच बाहेर आली आणि तिने खाली वाकून फोन उचलला.

"काका, नमस्कार. मी सून बोलतेय, दर्शना. आधी मुंबईला या. राजेशसमोर बसा, रीतसर मागणी घाला, तुम्हाला बघून आमची खात्री होऊ दे. आमच्या आईंना आम्ही अशी फोनवर देणार नाही, सांगून ठेवते!"