मंगळवारचं सांगा

"ते राहू दे हो. मंगळवारचं सांगा."

नव्या घराचं, नव्या गाडीचं, नव्या नोकरीचं कौतुक सांगायला कुणीही गेलं, की दादा चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे. आपण रंगात येऊन डेकवरचं बार्बेक्यू, खिडकीतून दिसणारा समुद्र, पाहुण्यांची वेगळी खोली असं सगळं सांगत असायचो, आणि हे मध्येच, "तो झाला रविवार. मंगळवारी दुपारी त्या घरात कोण असेल?" अंगाचा तिळपापड व्हायचा! तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, आनंदाच्या बातमीला नेमका नको तो प्रश्न विचारणारा.

ऑकलंडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आम्ही शेजारीशेजारी बसायचो. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, पुण्याचेच, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दादा झाले आणि त्यांची बायको वहिनी. माणूस भलता हुशार. पुलाच्या ड्रॉइंगवरून एकदा नजर फिरवली की चूक कुठे आहे ते सांगायचे. प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघाली, तेव्हा ती त्यांचीच याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

दादा बॉसच्या केबिनमध्ये गेले आणि ती जागा नको म्हणाले. वर मागणी काय, तर सकाळी सातला येईन, दुपारी दोनला जाईन, पगार तेवढा कमी करा. गोरा बॉस "स्वीट ॲज", म्हणजे काहीच हरकत नाही, म्हणून मोकळा झाला. आम्ही मराठी मंडळी मात्र हबकलोच.

"बरं आहे ना तुमचं?" मी विचारलं.

"लेकीची शाळा तीनला सुटते. तिला आणायला जायचंय."

"अहो, बस असते की!"

"असते. पण बसमध्ये मी नसतो ना."

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. लेक लहान असताना दादा सहा वर्षं मस्कतला होते, पुण्यातल्या फ्लॅटसाठी. दर शुक्रवारी घरी फोन करायचे. "आज काय केलंस गं?" विचारलं की पलीकडून उत्तर यायचं, "आईला सांगितलंय. तिला विचारा." फ्लॅट झाला, चांगला ऐसपैस झाला. पण पोरीला बापाशी बोलायची सवयच लागली नाही.

"आता बारा वर्षांची आहे," दादा म्हणाले. "अजून पाच-सहा वर्षं घरात असेल. तेवढ्यात माझ्याशी बोलायला लागली तर लागली. नाहीतर राहिलंच." आणि डब्याचं झाकण लावून उठले. मला फार वाईट वाटलं. पण त्यांनी सोडलेली जागा मला मिळाली होती आणि त्याचा मला आनंद झाला होता, हेही खरं.

त्या पगारावर मी अल्बनी उपनगरात चार बेडरूमचं नवंकोरं घर घेतलं. दादांनी मंगळवारचं विचारलंच. "मंगळवारी मी ऑफिसात असेन, हप्ते कोण फेडणार?" मी चिडून म्हणालो. ते मनापासून हसले, आणि वास्तुशांतीला सगळ्यांच्या आधी येऊन कांदे चिरायला बसले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

वहिनी हॉस्पिटलात नर्स. आता घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालायचं. "तुम्हाला चालतं हे?" मी एकदा खोचकपणे विचारलं.

"न चालायला काय झालं? घरी येते तर पोळ्या तयार असतात. जाड असतात, पण गरम असतात. सहा वर्षं मी एकटीने निभावलं भावजी, आता करू दे की त्यांना."

आणि लेक? तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं, "डॅड, गेटपाशी नको. वेट बाय द डेअरी." म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, मैत्रिणींना दिसणार नाही असं. दादा निमूटपणे तिथे थांबायचे. "कसा गेला गं दिवस?" "फाइन." दोन वर्षं, रोज, फाइन! आम्ही ऑफिसात चेष्टा करायचो, "काय दादा, काल काय म्हणाली?" कधीतरी ते लॉटरी लागल्यासारखे सांगायचे, "काल 'हीप्स ऑफ होमवर्क' म्हणाली."

मग एका हिवाळ्यात मी साइटवरून परत येत होतो. पाऊस चालू होता. समुद्रकाठी दादांची गाडी उभी दिसली. काचांवर वाफ धरली होती, पण आत लेक रडत रडत, हात हलवत काहीतरी सांगतेय एवढं कळत होतं. दादा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत ऐकत होते. मी गाडी न थांबवता पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "काल काय झालं?"

"बोलली," दादा म्हणाले.

"काय बोलली?"

"ते तिचं आहे रे. पण बोलली." आणि चष्मा काढून पुसत बसले. तो वार मंगळवार होता का, ते मला आठवत नाही.

त्यानंतर ती बोलतच राहिली. डनेडिनला शिकायला गेली तरी रोज फोन. मीटिंग चालू असली तरी दादा उठून बाहेर जायचे. कामाचे तास मात्र त्यांनी वाढवून घेतले नाहीत. आता घरी वहिनींची वाट बघायची असते म्हणाले.

लेकीचं शेवटचं वर्ष चालू असताना एका सकाळी दादा छातीत दुखतंय म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत गेले. वहिनींच्याच हॉस्पिटलात.

दादांच्या तेराव्याच्या दुपारी लेक मागच्या पायरीवर एकटीच बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "तुझ्यावर फार जीव होता गं त्यांचा. मॅनेजरची जागा सोडली, पगार कमी करून घेतला, ते तुला शाळेतून आणता यावं म्हणूनच."

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. "व्हॉट? नो, काका. ही सेड हिज ऑफिस क्लोझ्ड ॲट टू." मग मराठीत, अडखळत म्हणाली, "मी त्यांना नेहमी चिडवायचे... गेट अ रिअल जॉब, डॅड."

"मग काय म्हणायचे?"

"काही नाही. हसायचे."

आमचं ऑफिस संध्याकाळी सातला बंद व्हायचं. इतकी वर्षं कुलूप मीच लावत होतो.