सुमनच्या आईचं लुगडं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही. देवापुढे बसते तेव्हाही नाही—तिथे मी सगळ्यांची खुशाली मागते आणि उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तरी बघा, सकाळपासून तीनदा चहा केला आणि आत्ता कुठे बसले आहे.

मी बाहुल्या शिवते. वीतभर उंचीच्या, कापडाच्या—मावळा, पेशवाईतली बाई, ढाल-तलवार घेतलेली राणी. मुलांसाठी अंगरखे, पगड्या, छोट्या नऊवारीही शिवल्या आहेत. एकही कधी विकली नाही. वाढदिवस, मुंज, मंडळाचा गणपती—सगळं भेट म्हणून दिलं. कुणी आभार मानले की मी म्हणते, "अगं, त्यात काय एवढं." आणि मग लोक माझ्या मोठ्या मनाबद्दल बोलतात. ते ऐकायला मला फार आवडतं. हे आधीच कबूल करते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही तेव्हा दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. घरोघरी केबल आली होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी यमुनेपलीकडच्या फ्लॅटची भाषा होती. आमचाही गाझियाबादला एका सोसायटीत नंबर लागला होता. बाजारात पिवळ्या केसांच्या, लांब पायांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या दिसायला लागल्या होत्या. मंडळातल्या एका मुलीने माझी पेशवीण हातात घेऊन आईला विचारलं, "मम्मी, इसके बाल क्यों नहीं खुलते?" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला ते इतकं लागलं की रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

मग मी ठरवलं—आता अशा बाहुल्या करायच्या की बघणाऱ्याने बघतच राहावं. अगदी खऱ्याखुऱ्या. पण खरं कापड दिल्लीत आणायचं कुठून? किनारी बाजारातल्या जरीत माझी मराठी राणी बनारसची नवरी दिसायची. शिवाय बाहुलीची अडचण वेगळीच असते. साडीचा काठ चार बोटं रुंद असला तर तो वीतभर बाईच्या गुडघ्यापर्यंत येतो. बाहुलीला नेसवायचं तर काठ बारीक हवा, सूत जुनं आणि मऊ हवं, म्हणजे काष्टा नीट बसतो. नवं कापड फुगतं. मी तीन बाजार पालथे घातले आणि हात हलवत परत आले.

आणि अगदी त्याच आठवड्यात सुमन ते लुगडं घेऊन आली.

सुमन आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. सोलापूरची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला मीराताई म्हणायची. तिला सातवा महिना होता आणि आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. भावजयांनी आईच्या वस्तूंची वाटणी करून टाकली होती, त्यातून हिच्या वाट्याला एक लुगडं आलं—गडद अंजिरी इरकल, दोन बोटांचा काठ, तांबडा पदर. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या लुगड्याचं असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. सुमनला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणाली, "ताई, तुझा हात चांगला आहे. तूच शिव. आईच्या मांडीवर असल्यासारखं वाटेल बाळाला." आणि जिना चढताना कठड्याला धरून ती थोडी रडली.

आता मी तुम्हाला काय सांगू—तिचं रडणं मी ऐकलं, आणि माझी नजर त्या काठावर होती.

मी एकदम काही केलं नाही. वाईट गोष्टी मी एकदम कधीच करत नाही, हळूहळू करते. आधी फक्त आतल्या टोकाचा हातभर तुकडा घेतला. नऊवारी लुगडं, दुपट्याला लागतं किती? उरलेलं कापड मलाच तर देणार होती ती. मग विचारलं का नाही? वर जायला सोळा पायऱ्या होत्या. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, याची मला आज शंभर टक्के खात्री आहे. तेव्हाही होती. पण मग ती मंडळात सगळ्यांना सांगत सुटली असती की हे माझ्या आईचं लुगडं. आणि बाहुली थोडी तिची झाली असती.

पहिली राणी इतकी सुरेख झाली की मी दुसरी कापली. मग तिसरी. गणपतीत कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येक मुलीला एक द्यायची होती, म्हणून अकरा. पदर सगळ्यात शेवटी कापला. तो कापताना मात्र कात्री थांबली होती, खोटं का सांगू—थांबली आणि मग चालली. कापडावर कात्रीचा कर्र आवाज येतो, तो मला तेव्हापासून ओळखू येतो.

त्या वर्षी नवव्या महिन्यातल्या सुमनला गणपतीला जाता आलं नाही. मंडळात एक वयस्क काका बाहुली उलटीसुलटी करून म्हणाले, "एकदम ओरिजिनल आहे हो." मी मान खाली घालून लाजले.

पुढच्याच आठवड्यात आमचं सामान गाझियाबादला गेलं. सुमन अधूनमधून दुपट्याचं विचारत होती आणि मी आज-उद्या करत होते. नव्या घरून मी तिला फोन केला आणि सांगितलं की शिफ्टिंगमध्ये एक गाठोडं टेम्पोतून कुठेतरी पडलं, त्यातच तुझ्या आईचं लुगडं होतं. फोनवर मला खरंच रडू आलं. कशाचं होतं ते रडू? ती म्हणाली, "जाऊ दे ताई. तू रडू नकोस. शिफ्टिंगमध्ये होतंच." तिनेच मला समजावलं. ह्यांनी टेम्पोवाल्याला गाठून चांगलं झापलं. तो बिचारा मुलांच्या शपथा घेत राहिला आणि मी आत पोळ्या लाटत राहिले.

चार दिवसांनी सुमनला मुलगी झाली, मिनी. तिला बाजारच्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं.

उरलेलं लुगडं अजून माझ्याकडेच होतं. दोनेक वार असेल. दुपटं त्यातून सहज झालं असतं, पण मग पदर कुठे गेला ते सांगावं लागलं असतं. हरवलेली गोष्ट परत कशी देणार? टाकवतही नव्हतं. बाहुल्यांच्या पोटात मी कापूस भरत नाही, त्याच्या गाठी होतात, चिंध्या भरते. तर मी त्या दोन वारांच्या चिंध्या केल्या आणि पुढच्या बाहुल्यांच्या पोटात घालून वरून टाके घातले. केवढी सोय.

मिनीच्या पहिल्या वाढदिवसाला मी त्यातलीच एक बाहुली नेली. अंगावर उरलेल्या काठाची नऊवारी, पोटात चिंध्या. तीच का नेली? दुसऱ्या होत्या. पण ती सगळ्यात चांगली झाली होती, आणि सुमनने तिला चांगलं म्हणावं असं मला वाटत होतं—इतकं साधं आणि इतकं निर्लज्ज. सुमनने बाहुलीच्या पदरावरून अंगठा फिरवला. दोनदा. म्हणाली, "अगदी आईच्या लुगड्यासारखं आहे गं." मी म्हटलं, सरोजिनीच्या बाजारात स्वस्त कपड्यांच्या ढिगाऱ्यात मिळालं, एक्सपोर्टचं कापड. ती "अच्छा" म्हणाली आणि मुलांना केक द्यायला आत गेली.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आमचं येणं-जाणं चालू आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी सुमन पंधरा दिवस डबा घेऊन येत होती. संक्रांतीला अजून तिच्या हातचे लाडू येतात. लुगड्याचा विषय तिने कधी काढला नाही, आणि मी त्याला विसरणं समजत आले.

मागच्या हिवाळ्यात मिनीला मुलगी झाली. त्याच्या महिनाभर आधी सुमन मेट्रोने आणि मग रिक्षाने माझ्याकडे आली. पिशवीतून तिने ती बाहुली काढली. मिनीने खेळून खेळून तिचा एक डोळा घालवला होता, अंजिरी रंग उडून मातकट झाला होता. सुमन म्हणाली, "ताई, हिचं लुगडं सोडव आणि मिनीच्या बाळाच्या दुपट्याला लाव. माझ्या आईचं आहे. बाळाच्या अंगाला लागू दे."

आवाज नेहमीचा होता. नजरही नेहमीची. मग तिने विचारलं, चहात आलं घातलंस का.

म्हणजे तिला माहीत होतं. त्या वाढदिवसापासून—पदरावरून दुसऱ्यांदा अंगठा फिरवला तेव्हापासून. आणि तरी डबे, तरी लाडू. त्या दिवशी मला अर्धं मिनिट मिळालं होतं. ती समोर खुर्चीत बसली होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. लुगडं हरवलं नव्हतं, मी कापलं—एवढी पाच शब्दांची गोष्ट. मी म्हटलं, "हो, लावते." आणि आलं किसायला उठले.

ती गेल्यावर मी बाहुलीची शिवण उसवली. नऊवारी कमरेला पक्की शिवलेली असते, ती सोडवताना पोटाचेही टाके सुटले. आतल्या चिंध्या बाहेर आल्या. त्यांना इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं, पाणी लागलं नव्हतं—अंजिरी रंग जसाच्या तसा, सुमनने माझ्या हातात दिला त्या दिवशीचा. मी त्या मांडीवर घेऊन बसले आणि मला फार लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

चिंध्या मी दुपट्याच्या दोन थरांच्या मध्ये सपाट पसरल्या आणि वरून धावदोरा घातला. ही परतफेड होती असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी लपवलेलं काढून मी दुसऱ्या ठिकाणी लपवलं. वर दिसतो तो बाहुलीच्या लुगड्याचा मातकट तुकडा, कोपऱ्यात. आत काय आहे ते सुमनला ठाऊक नाही. तेही मी सांगितलं नाही.

दुपटं द्यायला मी स्वतः गेले. सुमनने ते उलगडलं, गालाला लावलं, बाळाच्या अंगाखाली घातलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "थँक यू, ताई."

मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं."