आडव्या रेषांचा ठोकळा

लोक कपाट समोरून बघतात. अलगदरावांनी जन्मभर कपाटं मागून पाहिली. सामान हलवणाऱ्या कंपनीत त्यांनी चाळीस वर्षं काढली, आणि हलवताना कपाटाचं तोंड नेहमी जाड घोंगडीत गुंडाळलेलं असायचं. त्यामुळे कुठल्या घरातलं कपाट दिसायला कसं होतं, हे त्यांना कधीच सांगता आलं नसतं. पण त्याची पाठ कशी होती, कुठल्या कोपऱ्यात वजन जास्त होतं, खालची पट्टी बोटाला कुठे टोचत होती, हे सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं.

'अलगद' हे कामावरच्या जोडीदारांनी ठेवलेलं नाव. वय झाल्यावर त्याला 'राव' जोडलं गेलं, पगाराला मात्र फारसं काही जोडलं गेलं नाही. चाळीस वर्षांत एक वस्तू हातून पडली नाही, अशी त्यांची ख्याती. ती पसरवण्याचं काम मुख्यतः त्यांची मुलगी करी. लग्न ठरताना सासूबाईंनी "वडील काय करतात?" विचारलं, तेव्हा "सामान उचलतात" असं सांगून तिने त्याच श्वासात पुढचंही सांगून टाकलं, "आणि आजवर कुणाचा एक कप फुटलेला नाही त्यांच्या हातून." अशा वेळी अलगदराव छताकडे बघत बसत. बघणाऱ्याला वाटे, काय हा विनय!

तर या मुलीने तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. जावयाकडे पडदे आणि नळ सोपवले आणि दिवाणखान्यातलं बसकं, लांबट कपाट, म्हणजे साइडबोर्ड, निवडायला ती वडिलांना घेऊन निघाली.

"बाबा, मला जुनं ब्रुटॅलिस्ट हवंय."

"ते कुणाचं?"

"कुणाचं नाही हो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पद्धत आहे ती. दारावर नुसते लाकडाचे ठोकळे, एक पुढे आलेला, एक आत गेलेला. उघड्या काँक्रीटच्या इमारती असतात ना, तसं. दणकट, ओबडधोबड."

"आमच्या गोदामाच्या भिंतीसारखं."

"अगदी!"

"मग ती भिंतच उचलून ने. वजन तेवढंच भरेल."

आईलाही तिने बोलावलं होतं. आई म्हणाली, "ओबडधोबड बघायला मला दुकानात जायला नको. माझं लग्न झालंय."

दुकान मोठं होतं, आणि वस्तू इतक्या थोड्या की अलगदरावांना वाटलं, अर्धं सामान अजून ट्रकमध्येच आहे. दुकानदार तरुण, आवाज मऊ. त्याला दुकान म्हटलेलं आवडत नसे, तो 'संग्रह' म्हणे. त्याने तीन साइडबोर्ड दाखवले. मुलगी समोर उभी राहून मान तिरपी करून बघू लागली. अलगदराव सरळ मागे गेले.

पहिल्याच्या मागे वाकून ते म्हणाले, "हा नवा आहे. पुढून म्हातारा केलाय. मागचे खिळे बघ, पाणी लागलं नाही अजून त्यांना."

दुकानदार खाकरला.

दुसऱ्यासाठी त्यांनी खिशातून गाठी मारलेली दोरी काढली. मुलीच्या जिन्याचं वळण त्यांनी आदल्या दिवशीच त्या दोरीत धरून ठेवलं होतं. "हा खाली राहील आणि तू वर राहशील," ते म्हणाले.

दुकानदाराचा आवाज आणखी मऊ झाला. "काका या क्षेत्रातले दिसतात."

"चाळीस वर्षं," मुलगी म्हणाली. "आणि आजवर एक वस्तू त्यांच्या हातून..."

अलगदरावांनी छताकडे पाहिलं आणि तिसऱ्याकडे वळले.

सवयीप्रमाणे त्यांनी डाव्या कोपऱ्याखाली बोटं घातली आणि तसूभर उचलून पाहिलं. खालच्या पट्टीतली एक गाठ त्यांच्या मधल्या बोटात रुतली, बरोबर जिथे रुतायची तिथे. घाम फुटायला उन्हाळा लागत नाही. ते हळूच उठून समोर आले आणि त्यांनी उजव्या दाराचा खालचा कोपरा पाहिला.

"वा, काकांची नजर!" दुकानदार म्हणाला. "ताई, बघा. दोन्ही दारांवर मिळून एकशे बारा ठोकळे. सगळ्यांच्या रेषा उभ्या. हा एकच आडवा. करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला. एवढ्या शिस्तीत एक बंडखोर! त्याच्यामुळे याची किंमत तिसऱ्या हिश्श्याने वर गेली आहे."

"बाबा, हेच घ्यायचं," मुलगी म्हणाली. ती त्या ठोकळ्यासमोर चक्क उकिडवी बसली होती.

अलगदरावांना हा बंडखोर चांगला माहीत होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या घरी, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, हेच कपाट धरून ते उलट्या पावलांनी चढत होते आणि खालून टेकू देणाऱ्या जोडीदाराला सांगत होते, की माझ्या हातून कधी काही पडत नाही. 'पडत' म्हणेपर्यंत पाय ओल्या पायरीवर गेला. बाकी कपाटाला ओरखडा नाही, पण एका ठोकळ्याच्या चिरफळ्या झाल्या. डॉक्टर दोन दिवसांनी येणार होते. जोडीदार भला माणूस, तो काही बोलला नाही आणि पुढच्या वर्षी गावी निघून गेला. नवा ठोकळा अलगदरावांनी केला, वर तपकिरी बूटपॉलिश घासलं, आणि घाईत तो आडवा बसला. डॉक्टरांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. ख्याती मात्र त्या दिवसापासून जास्तच पसरत गेली.

आता गप्प बसलं, तर पोरगी बापाच्या चुकीला जास्तीचे पैसे मोजून ती दिवाणखान्यात मांडणार. बोललं, तर तिने जन्मभर ज्याला त्याला सांगितलेली गोष्ट इथेच, या पोराच्या संग्रहात, संपणार. अलगदराव शेजारच्या खुर्चीवर बसले. दुकानदार म्हणाला, "काका, ती बसायची नाही." ते उठले.

"तो ठोकळा मी बसवलाय," ते म्हणाले.

दुकानदार आधी हसला. मग मुलगीही हसली. तिने वडिलांच्या दंडाला हात लावला आणि कुजबुजली, "बाबा, भाव पाडायला एवढं मोठं खोटं? तेसुद्धा तुम्ही?"

म्हटलं तर सुटका झाली होती. खरं सांगून झालं होतं, आणि कुणी ते घेतलं नव्हतं. याहून सोयीचं काय असतं? पण अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट घासाघीस म्हणून मोजली जावी, याचा अलगदरावांना राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुकानात मोठ्याने बोलले.

"माझ्या हातून पडलं म्हणतोय ना! दार उघडा. आतून तीन खिळे आहेत. मधला वाकडा. वाकडाच ठोकला, सरळ करायला वेळ नव्हता."

दुकानदाराने दार उघडलं. तीन खिळे होते. मधला वाकडा होता.

मुलीचं हसू गेलं होतं. तिने ठोकळ्यावर बोट ठेवलं. "लाकूड कुठून आणलंत?"

अलगदरावांनी दोरी खिशात घातली, पुन्हा काढली. "एवढ्या जाडीचं लाकूड घरात एकच होतं," ते म्हणाले. "आपली खाट."

"भिंतीकडचा पाय."

"हं."

ती खाट लहानपणापासून डुगडुगत होती. त्या आखूड पायाखाली विटेचा तुकडा असे, आणि तो झिजला की नवा येई. वसतिगृहात गेल्यावर पहिला महिनाभर मुलीला झोप लागली नव्हती, कारण तिथली खाट हलत नव्हती.

"आणि आई इतकी वर्षं खाट करणाऱ्या सुताराला शिव्या देते..."

"देते."

"आणि तुम्ही ऐकून घेता."

"माझ्या नावाने देत नाही, म्हणून."

तेवढ्यात दुकानदार सावरला होता. "ही गोष्ट फार सुंदर आहे. काका, हे लिहून सही करून द्याल? वस्तूला असा इतिहास असला की किंमत आणखी..."

"थांबा," मुलगी म्हणाली. "तो ठोकळा आमच्या खाटेचा आहे. आमच्याच खाटेचे पैसे आम्ही तुम्हाला देणार नाही. बाकीचे एकशे अकरा तुमचे, त्यांचं काय ते बोला."

दुकानदाराने ठोकळ्याकडे पाहिलं, वाकड्या खिळ्याकडे पाहिलं, आणि चढवलेला तिसरा हिस्सा उतरवला.

घरी जाताना ती सबंध रस्ता गप्प होती. अलगदरावांना वाटलं, झालं, संपलं. सिग्नलपाशी त्यांनी विचारलं, "रागावलीस?"

"विचार करतेय, सासूबाईंना काय सांगू."

"काही सांगू नकोस म्हणजे झालं."

"ते कसं जमेल?"

आठवड्याने साइडबोर्ड वर चढला. चार तगडे गडी होते आणि अलगदराव वळणावर उभे राहून फक्त "अलगद, अलगद" म्हणत होते. पायऱ्या त्यांनी आधीच फडक्याने कोरड्या करून ठेवल्या होत्या. संध्याकाळी दोन्हीकडची माणसं घर बघायला आली. सासूबाई साइडबोर्डसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे अजून पूर्ण व्हायचंय का?"

"नाही हो," मुलगी म्हणाली. तिने पाठ ताठ केली, आवाज चढवला, आणि लग्न ठरताना जसं सांगितलं होतं अगदी तशाच दिमाखात सांगितलं, "चाळीस वर्षांत बाबांच्या हातून फक्त एकच वस्तू पडली. ती ही."

सगळ्यांनी वाकून ठोकळा पाहिला. सासूबाईंनी तर चष्मा लावून पाहिला. अलगदरावांनी सवयीने मान वर केली, पण नव्या घराच्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनीही खाली पाहिलं.

अलगदरावांची बायको मात्र वाकली नाही. तिला ही गोष्ट आत्ताच कळत होती. ती कमरेवर हात ठेवून कपाटाकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "त्या सुताराला मी अठ्ठावीस वर्षं शिव्या घातल्या."

"हो गं."

"त्यातल्या तुमच्या किती?"

"सगळ्या."

"बरं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली. "मग घरी चला तर खरं. आज नव्या सुचल्यात."